न्यूयॉर्कला घेतलेला आपलाच शेअर: कर किती, कुठे आणि कसा?

खडेबझार
नमस्कार मंडळी. आपल्या भागातल्या गुंतवणूकदारांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सूर असा: इन्फोसिस, विप्रो, एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, डॉ. रेड्डीज यांचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात एडीआर (अमेरिकन डिपॉझिटरी रिसीट, म्हणजे मूळ भारतीय शेअर ठेवून घेऊन त्याबदल्यात बँकेने काढलेली पावती) म्हणून मिळतात, तेच तिकडून घ्या आणि कर वाचवा. त्यात चार दावे आहेत.

एक, तिथे एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर) लागत नाही. दोन, व्यवहार अमेरिकेत झाला म्हणून विक्रीच्या नफ्यावर भारतात कर नाही. तीन, लाभांशावर अमेरिका २५ टक्के कापते, म्हणून लाभांशाच्या आधी विकून मोकळे व्हा. चार, कंपनी भारतीय असल्यामुळे विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून काही दाखवायचे नाही.

माझ्या मते पहिला सोडला तर बाकी तिन्ही चूक आहेत. पण चूक का, आणि बरोबर काय, हे कलम आणि आकड्यांसह एका ठिकाणी मराठीत यावे म्हणून हा धागा. प्रश्न बेळगाव, चिकोडी, निपाणी, खानापूर इथे राहणाऱ्या, म्हणजे निवासी माणसाचा आहे. परदेशातल्या नातेवाइकांचा मुद्दा आला तर तोही घेऊ.

उद्यमबाग
वाचतोय. हा मेसेज आमच्याकडे पण आलाय.

करपेटी
खडेबझार, तुमचा अंदाज बरोबर आहे. दुसऱ्या दाव्यापासून सुरू करतो, कारण सगळ्यात मोठा खड्डा तिथेच आहे.

निवासी माणसाचे जगभरचे उत्पन्न भारतात करपात्र असते. शेअर न्यूयॉर्कला विकला की मुंबईला, याने फरक पडतो तो कराच्या दरात आणि मुदतीत, आणि तो फरक एडीआरवाल्याच्या विरुद्ध जातो.

इथे एनएसई किंवा बीएसईवर घेतलेला शेअर १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला की नफा दीर्घ मुदतीचा. कलम ११२ए लागते, वर्षाला सव्वा लाखापर्यंत काही नाही, त्यावर १२.५ टक्के. १२ महिन्यांच्या आत विकला तर १११ए खाली २० टक्के. या दोन्ही सवलतींची अट एकच: व्यवहारावर एसटीटी भरलेला हवा.

एडीआरला एसटीटी नाही, म्हणून ११२ए नाही आणि १११एही नाही. शिवाय तो भारतातल्या मान्यताप्राप्त बाजारात नोंदलेला रोखा नाही, म्हणून दीर्घ मुदत १२ महिन्यांची नसून २४ महिन्यांची. २४ महिन्यांनंतर विकला तर कलम ११२ खाली १२.५ टक्के, पहिल्या रुपयापासून, सव्वा लाखाची सूट नाही. त्याआधी विकला तर नफा पगार-धंद्याच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर.

आकड्यात बघा. १८ महिने ठेवून विकला, नफा १,२०,००० रुपये, माणूस ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. इथला शेअर असेल तर कर शून्य (त्या वर्षी ११२एचा दुसरा नफा नसेल तर). एडीआर असेल तर ३६,००० अधिक ४ टक्के उपकर, म्हणजे ३७,४४०. २४ महिने ओलांडून विकला असता तर १५,६००.

एसटीटी डिलिव्हरीवर दोन्ही बाजूंना ०.१ टक्का. तो वाचवण्यासाठी ही सूट सोडायची का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

निपाणीकर_अण्णा
एकदम सविस्तर. पण स्लॅबप्रमाणे कर हा प्रत्येकालाच तोट्याचा नाही बघा. ज्याचे एकूण उत्पन्न कमी आहे त्याला अल्प मुदतीचा नफा ५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये बसू शकतो, आणि इथे विकला असता तर सरळ २० टक्के.

करपेटी
अण्णा, मुद्दा खरा आहे. पुढचीही बाजू आहे. नव्या करपद्धतीत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए ची जी करसूट मिळते ती खास दराच्या नफ्याला, म्हणजे १११ए आणि ११२ए ला, चालत नाही. एडीआरचा अल्प मुदतीचा नफा मात्र साध्या स्लॅबमध्ये येतो, त्यामुळे एकूण १२ लाखांच्या आत राहिले तर सूट लागू होते. पण फक्त यासाठी डॉलरमध्ये पैसे पाठवणे मला पटत नाही. बँकेचा विनिमयातला फरकच सगळा फायदा खाऊन टाकतो.

हिशेबी_चिकोडी
धागा चांगला रंगतोय, पण कराआधीचा प्रश्न कुणी काढलाच नाही. निवासी भारतीयाने भारतीय कंपनीचा एडीआर घ्यायला परवानगी आहे का?

सेबीचे (शेअर बाजाराची नियामक संस्था) १० ऑक्टोबर २०१९ चे डिपॉझिटरी रिसीटबद्दलचे परिपत्रक वाचा. त्यात 'परवानगी असलेला धारक' कोण याची व्याख्या आहे: जो भारतात निवासी नाही आणि जो अनिवासी भारतीयही नाही. 'धारक' या शब्दात लाभार्थी मालकसुद्धा येतो. म्हणजे ब्रोकरच्या नावाने ठेवून आत आपण, हा मार्गही बंद.

ज्या बँकेतून एलआरएसचे (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) पैसे जातात ती 'परदेशी शेअर' एवढेच बघते. नंतर त्या पैशातून भारतीय कंपनीचा एडीआर घेतला तर बँकेला ते कळत नाही. ॲपच्या यादीत नाव दिसते म्हणजे घेणे चालते, असा अर्थ काढू नका.

खानापूर_रान
हिशेबी, थोडी हरकत. ते परिपत्रक सूचिबद्ध कंपन्यांनी डिपॉझिटरी रिसीट काढण्याच्या चौकटीबद्दल आहे. इन्फोसिसचा एडीआर मार्च १९९९ चा, तेव्हा नॅस्डॅकवर, डिसेंबर २०१२ पासून न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर. जुन्या रिसीटची दुय्यम बाजारातली खरेदी त्या व्याख्येत येते का, यावर मतभेद आहेत.

हिशेबी_चिकोडी
आहेत, मान्य. पण २०१४ ची डिपॉझिटरी रिसीट योजना आणि २०१९ चे परिपत्रक, दोन्हींचा हेतू स्पष्ट आहे: भारतीय माणसाने आपल्याच कंपनीचा शेअर परदेशातून वळसा घालून घेऊ नये. फेमाचा (परकी चलन कायदा) भंग ठरला तर दंड रकमेच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो. एवढी जोखीम घेण्यासारखा त्यात नफा कुठला? घ्यायचाच असेल तर ब्रोकर आणि अधिकृत डीलर बँक, दोघांकडून लेखी उत्तर घ्या. फोनवरचे 'होय, चालतंय' पुरे नाही.

खानापूर_रान
लेखी उत्तर घ्यावे, याला माझा पूर्ण पाठिंबा. आणि जुन्या रिसीटबद्दल काहीही म्हटले तरी नव्याने घेणाऱ्याने दूर राहावे, हेही पटते.

मलप्रभा
मग ज्यांच्याकडे एडीआर कायदेशीर मार्गाने आधीच आहे त्यांचे काय? असे लोक आपल्या भागात बरेच आहेत. अमेरिकेत नोकरी करताना कंपनीकडून एडीएस (एडीआरचाच एकेक नग) मिळाले आणि आता टिळकवाडी, शहापूरला परत आले. फेमाच्या कलम ६(४) प्रमाणे परदेशात राहत असताना मिळवलेली परदेशी मालमत्ता परतल्यावरही ठेवता येते. त्यांच्यासाठी करपेटींचे २४ महिन्यांचे गणित लागू आहेच, पण मुदत कुठून मोजायची आणि खर्च किती धरायचा?

करपेटी
मलप्रभाताई, ज्या दिवशी एडीएस त्यांच्या नावावर आले त्या दिवसापासून मुदत. ज्या बाजारभावावर तेव्हा पगाराचा लाभ म्हणून कर लागला तो भाव म्हणजे खर्च. कंपनीचे त्या वर्षीचे पत्रक जपून ठेवायला हवे, कारण दहा वर्षांनी ते मिळवायला जीव जातो.

ज्ञानाधारित उद्योगातल्या भारतीय कंपनीच्या निवासी कर्मचाऱ्याने ईसॉप (कर्मचाऱ्यांना शेअर देण्याच्या) योजनेखाली परकी चलनात घेतलेल्या रिसीटसाठी कलम ११५एसीए वेगळे आहे: लाभांशावर १० टक्के, दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के. माहिती तंत्रज्ञान, औषधनिर्मिती, जैवतंत्रज्ञान, मनोरंजन हे उद्योग त्यात येतात. कलमात 'ग्लोबल डिपॉझिटरी रिसीट' शब्द आहे, पण व्याख्या 'कोणत्याही नावाने' अशी असल्याने एडीआरही त्यात बसतो. नुसत्या गुंतवणूकदाराला हे कलम मिळत नाही, हे लक्षात असू द्या.

उद्यमबाग
लाभांशावर २५ टक्के अमेरिकेत कापतात, हे खरे की खोटे?

मलप्रभा
भारतीय कंपनीच्या लाभांशाला खोटे. अमेरिका तिच्या कंपन्यांच्या लाभांशावर परक्याकडून कर कापते. कराराप्रमाणे भारतीयाला तो २५ टक्के पडतो. इन्फोसिसचा लाभांश हा भारतातून निघालेला लाभांश, न्यूयॉर्क हे त्याच्या वाटेतले एक स्टेशन. डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकेचे नाही हे ब्रोकरला कळवणारा) भरलेला असेल तर अमेरिकेने काही कापायचे नाही. ब्रोकरने चुकून कापले तर १०४२-एस फॉर्मवर (तिथे कापलेल्या कराचे पत्रक) उत्पन्नाचा देश आणि कोड काय घातला आहे ते तपासा आणि दुरुस्ती मागा.

खरी कापणी होते ती भारतातच. एप्रिल २०२० पासून लाभांश वितरण कर गेला आणि कर धारकावर आला. कंपनी डिपॉझिटरीला लाभांश देतानाच १० टक्के, वर अधिभार-उपकर, असा टीडीएस कापते. तो टीडीएस जमा होतो डिपॉझिटरीच्या नावे. तुमच्या पॅनवर नाही. २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचे पत्रक) मध्ये तो दिसत नाही.

हिशेबी_चिकोडी
ताईंनी नेमकी नस पकडली. याचा हिशेब मांडतो.

लाभांश १०,००० रुपये. अधिभार बाजूला ठेवला तर १,०४० कापून ८,९६० निघाले. मग डिपॉझिटरी बँक स्वतःचे शुल्क घेते, साधारण एका एडीएसमागे १ ते ५ सेंट. हातात येते त्याहून कमी. पण विवरणपत्रात दाखवायचे पूर्ण १०,०००, कारण कापलेला कर हाही उत्पन्नाचाच भाग. २० टक्के स्लॅबला कर २,०८०. आधीचे १,०४० वळते करून मिळत नाहीत. मिळून ३,१२०.

हेच इथे शेअर असता तर एका कंपनीचा वर्षाचा लाभांश १०,००० पर्यंत टीडीएसच नाही, आणि त्यापुढे कापला तरी तो तुमच्या पॅनवर. एकूण कर २,०८० च.

नियम ३७बीए मध्ये दुसऱ्याच्या नावे कापलेला टीडीएस खऱ्या मालकाकडे वळवण्याची सोय आहे, पण त्यासाठी ज्याच्या नावे कापला त्याने कंपनीला घोषणापत्र द्यावे लागते. शेकडो धारकांची डिपॉझिटरी बँक एका निपाणीच्या माणसासाठी ते देत बसणार नाही.

निपाणीकर_अण्णा
निपाणीच्या माणसाचे नाव काढलेच आहे तर विचारतो, यावर फॉर्म ६७ भरून परदेशी कराची वजावट घेता येईल का?

हिशेबी_चिकोडी
नाही अण्णा. फॉर्म ६७ परदेशात भरलेल्या करासाठी. इथे कापला तो भारताचाच कर. याच कारणाने हे उत्पन्न शेड्यूल एफएसआय (विवरणपत्रातला परदेशी उत्पन्नाचा तक्ता) मध्ये टाकणेही बरोबर नाही. भारतीय कंपनीचा लाभांश कलम ९ प्रमाणे भारतातच उपजतो. तो 'इतर उत्पन्न' मध्ये लाभांश म्हणून तिमाहीवार दाखवायचा. डिपॉझिटरीचे शुल्क त्यातून वजा मागू नका, तशी तरतूद नाही.

खडेबझार
म्हणजे तिसरा दावाही गेला. कापणी अमेरिका करत नाही, भारत करतो, आणि ती परत मिळत नाही. हे मेसेजमध्ये लिहिले असते तर कुणी नादी लागले नसते.

मग चौथा? कंपनी भारतीय, मग परदेशी मालमत्ता कशी?

करपेटी
कंपनी भारतीय आहे, खाते परदेशी आहे. अमेरिकन ब्रोकरकडचे खाते म्हणजे परदेशी कस्टोडियल (शेअर सांभाळणारे) खाते, शेड्यूल एफए (विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा भाग) चा तक्ता ए२. त्यात देश, संस्थेचे नाव-पत्ता-पिनकोड, खाते क्रमांक, खाते उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वोच्च शिल्लक, अखेरची शिल्लक आणि वर्षात जमा झालेली रक्कम तिच्या प्रकारासह द्यायची. एडीआर स्वतंत्रपणे ए३ मध्येही दाखवावा, असा माझा सल्ला. दोनदा दाखवल्याने कर वाढत नाही, न दाखवल्याने नोटीस येते.

चुकतात ते इथे:

पहिले, हा तक्ता कॅलेंडर वर्षाचा, जानेवारी ते डिसेंबर. आर्थिक वर्षाचा नाही. २०२५-२६ च्या विवरणपत्रात ३१ डिसेंबर २०२५ ला संपणारे वर्ष. मार्च २०२६ मध्ये उघडलेले खाते पुढच्या विवरणपत्रात येते.

दुसरे, आयटीआर-१ चालत नाही. परदेशी खाते असेल तर आयटीआर-२ किंवा ३.

तिसरे, उत्पन्न करमर्यादेखाली असले तरी निवासी आणि सामान्यतः निवासी माणसाने विवरणपत्र भरावेच लागते. आर्थिक वर्षभर खात्यात एक डॉलर पडून असला तरी.

चौथे, सगळी रक्कम सुरुवातीलाच बाहेर काढून खाते रिकामे केले तरी त्या वर्षी खाते दाखवायचेच. वर्षअखेरची शिल्लक शून्य लिहायची.

२०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली न दाखवण्याचा दंड १० लाख. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल तर हा दंड नाही. दंड नाही याचा अर्थ दाखवायचे नाही असा घेऊ नका. परदेशी खात्यांची माहिती देशादेशांतल्या करारांतून आयकर खात्याकडे येत असते.

खानापूर_रान
परतलेल्या लोकांसाठी एक पुस्ती. ते 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' या स्थितीत असतील तर शेड्यूल एफए लागत नाही. मागच्या १० वर्षांत ९ वर्षे अनिवासी, किंवा मागच्या ७ वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा कमी वास्तव्य, ही त्याची कसोटी. पण भारतीय कंपनीचा लाभांश त्यांनाही इथेच करपात्र, कारण तो मुळात भारतातला.

सीमाभागी
इथे एक प्रश्न आडवाटेचा. आपण कर्नाटकात, पाहुणे कोल्हापूर-गडहिंग्लजला. राज्य बदलल्याने शेअरवरच्या करात काही बदल होतो का?

करपेटी
आयकरात काही नाही. व्यवसाय कराचे आकडे वेगळे, पण त्याचा शेअरशी संबंध नाही. मुद्रांक शुल्कात मात्र एक मजेशीर गोष्ट आहे: १ जुलै २०२० पासून डिलिव्हरीच्या खरेदीवर ०.०१५ टक्के शुल्क देशभर एकच, पण ते जाते खरेदीदार ज्या राज्यात राहतो त्या राज्याला. बेळगावच्या माणसाने इन्फोसिस घेतला तर ते कर्नाटकाला, गडहिंग्लजच्या पाहुण्याने घेतला तर महाराष्ट्राला. म्हणून डिमॅटवर पत्ता खरा आणि चालू ठेवावा.

सीमाभागी
वा, हे माहीत नव्हते. धन्यवाद. चर्चा चालू द्या.

निपाणीकर_अण्णा
पैसे पाठवण्याच्या बाजूवरही लिहा की कुणीतरी. आमच्या पेठेत विचारणारे बहुतेक तंबाखूचे व्यापारी. फर्मच्या खात्यातून पाठवता येतात का, असे विचारतात.

मलप्रभा
फर्म, कंपनी, एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) यांना एलआरएस नाही. फक्त व्यक्तीला, वर्षाला अडीच लाख डॉलर, त्यात अज्ञान मुलेही येतात. पुढचे थोडक्यात:

पैसे स्वतःच्या बँक खात्यातून, अधिकृत डीलर बँकेमार्फत, बँकेचा ए२ फॉर्म (वरचा तक्ता ए२ नव्हे) भरून. पतसंस्थेतली ठेव थेट जाऊ शकत नाही. आधी ती बँकेत यायला हवी. त्या बँकेत खाते किमान एक वर्षाचे हवे. नवे असेल तर बँक आधीच्या बँकेचे वर्षभराचे विवरण मागते.

कर्ज काढून नाही. गुंतवणुकीसाठी एलआरएसखाली पाठवायला बँकेने कर्ज द्यायचे नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सोनेतारणाचे पैसे सकाळी खात्यात आणि दुपारी परदेशी, हे बँक अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

मार्जिनवर किंवा ऑप्शनसाठी नाही.

पाठवलेले पैसे न गुंतवता पडून राहिले तर १८० दिवसांत परत आणायचे. विकून आलेले पैसे पुन्हा गुंतवले नाहीत तरी तेच.

हिशेबी_चिकोडी
ताईंच्या यादीत टीसीएसची (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) भर. सगळ्या बँका आणि सगळी कारणे मिळून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस नाही (१ एप्रिल २०२५ पासून, आधी ७ लाख होते). गुंतवणुकीसाठी त्यापुढच्या रकमेवर २० टक्के. १५ लाख पाठवले तर ५ लाखांवर १ लाख टीसीएस. शिवाय चलन बदलण्यावर जीएसटी: १० लाखांपुढच्या रकमेला करपात्र मूल्य ५,५०० अधिक १० लाखांवरील भागाचा ०.१ टक्का, म्हणजे १५ लाखांना ६,०००, त्यावर १८ टक्के म्हणजे १,०८०.

टीसीएस हा खर्च नाही, पॅनवर जमा झालेला आगाऊ कर आहे. २६एएस मध्ये दिसतो आणि वळता होतो. पगारदाराने १२बीएए फॉर्मने मालकाला कळवले तर पगारातला टीडीएस तेवढा कमी होतो. विवरणपत्रापर्यंत वाट बघायची गरज नाही.

उद्यमबाग
बायको आणि मुलांच्या नावाने वाटून पाठवले तर प्रत्येकी १० लाख सुटतील ना?

करपेटी
टीसीएस सुटेल, उत्पन्न सुटणार नाही. पत्नीला पैसे देऊन घेतलेल्या शेअरचा लाभांश आणि नफा कलम ६४ खाली तुमच्याच उत्पन्नात येतो. अज्ञान मुलाचेही आई-वडिलांत ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्यात. मुलाच्या नावे कापलेला टीसीएस मात्र आता पालकाला वळता करून घेता येतो, १ जानेवारी २०२५ पासून. आणि शेड्यूल एफए ज्याच्या नावे खाते त्याचे, म्हणजे एका कुटुंबात तीन-चार विवरणपत्रे वाढली.

खानापूर_रान
विनिमय दरावर कुणी बोलले नाही आणि तिथे खूप घोळ होतो. नियम ११५: विक्रीच्या नफ्यासाठी विक्री ज्या महिन्यात झाली त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बँक डॉलर विकत घेते तो दर). लाभांशालाही आधीच्या महिन्याच्या अखेरचाच. शेड्यूल एफए ला मात्र त्या त्या तारखेचा, म्हणजे सर्वोच्च शिल्लक ज्या दिवशी आणि ३१ डिसेंबर.

स्टेट बँक रोजचा दरपत्रक काढते, जुन्यांचा संग्रह ठेवत नाही. महिनाअखेरची पीडीएफ उतरवून ठेवण्याची सवय लावा. अखेरचा दिवस रविवार असेल तर त्याआधीच्या कामकाजाच्या दिवसाची.

नफा कसा काढायचा? नियम 'उत्पन्न' रुपयांत आणायला सांगतो, म्हणून आधी डॉलरमध्ये नफा काढून त्याला एक दर लावावा.

करपेटी
इथे माझे मत वेगळे आहे. परकी चलनात नफा काढून मग रुपयात आणायची सोय कलम ४८ च्या पहिल्या परंतुकात आहे, आणि ती फक्त अनिवासींना. निवासी माणसाने विक्री नियमाच्या दराने आणि खरेदी खर्च प्रत्यक्ष मोजलेल्या रुपयांत धरावा.

उदाहरण: १८ डॉलरने १०० एडीआर, तेव्हा डॉलर ८३, खर्च १,४९,४००. त्याच १८ डॉलरला विकले, दर ८८, विक्री १,५८,४००. डॉलरमध्ये नफा शून्य, रुपयात ९,०००. माझ्या पद्धतीने हे ९,००० करपात्र. रुपया घसरला तेवढा कर वाढतो.

खानापूर_रान
परंतुकाचा मुद्दा वजनदार आहे. मग एवढे म्हणतो: जी पद्धत धराल ती दरवर्षी तीच, आणि हिशेबाचा कागद विवरणपत्रासोबत जपा. तोट्याच्या वर्षी एक आणि नफ्याच्या वर्षी दुसरी, असे केले तर अधिकाऱ्यापुढे उभे राहता येणार नाही.

आणि तारीख. न्यूयॉर्क आपल्या संध्याकाळी ७ किंवा ८ ला उघडते. महिन्याच्या शेवटच्या रात्रीचा सौदा आपल्या घड्याळात दुसऱ्या महिन्यात जाऊ शकतो. कॉन्ट्रॅक्ट नोटवरची तारीख धरा.

उद्यमबाग
तोटा झाला तर?

हिशेबी_चिकोडी
अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यांतून वळता होतो, इथल्या शेअरच्या नफ्यातूनही. दीर्घ मुदतीचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. उरलेला ८ वर्षे पुढे, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच. आणि ११२ए च्या तक्त्यात एडीआर टाकू नका, तो तक्ता एसटीटीवाल्यांचा. नफा झाला त्या तिमाहीचा आगाऊ करही विसरू नका: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च.

निपाणीकर_अण्णा
आमच्याकडे फ्रेशवर्क्स, मेकमायट्रिप यांनाही 'भारतीय शेअर' म्हणतात. त्यांना हेच सगळे लागू?

मलप्रभा
नाही अण्णा. धंदा भारताशी जोडलेला असला तरी कंपनी कुठे नोंदलेली ते बघायचे. फ्रेशवर्क्स अमेरिकेतल्या डेलावेअरची, मेकमायट्रिप मॉरिशसची. या खऱ्याखुऱ्या परदेशी कंपन्या. हिशेबींनी काढलेली सेबीची अडचण त्यांना नाही. भांडवली नफ्याचे नियम तेच, २४ महिन्यांचे. अमेरिकन कंपनीने लाभांश दिला तर मात्र २५ टक्के तिथे कापले जातात, ते शेड्यूल एफएसआय मध्ये दाखवून फॉर्म ६७ ने वळते होतात.

अजून एक फरक. अमेरिकन कंपनीचे शेअर ठेवून माणूस गेला तर ६०,००० डॉलरच्या वरच्या तिथल्या मालमत्तेवर अमेरिकेचा वारसा कर लागतो, ४० टक्क्यांपर्यंत. भारतीय कंपनीचा एडीआर हा परदेशी कंपनीचा शेअर ठरतो म्हणून त्यात येत नाही, पण ब्रोकरकडची रोख रक्कम येते. घरच्यांना खात्याची माहिती असू द्या.

सीमाभागी
आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या भाच्याने घेतला तर? तो आता तिकडचा नागरिक आहे.

करपेटी
त्याच्यासाठी एडीआर खरोखर सोयीचा. कलम ४७(viia) प्रमाणे अनिवासीने दुसऱ्या अनिवासीला भारताबाहेर रिसीट विकली तर ते 'हस्तांतर'च मानत नाहीत, म्हणजे भारतात विक्रीवर कर नाही. लाभांशावर ११५एसी खाली १० टक्के, तो कापूनच जातो. बाकी कर अमेरिकेत. रिसीट रद्द करून इथले शेअर काढले तर कलम ४९(२एबीबी) प्रमाणे खर्च म्हणजे विनंती केली त्या दिवसाचा इथल्या बाजारातला भाव. हे अनिवासीलाच, आपल्याला नाही. आणि भाचा अजून भारतीय पासपोर्टवर असता तर हिशेबींनी सांगितलेली व्याख्या त्यालाही आडवी आली असती.

खानापूर_रान
संख्या जुळवताना गुणोत्तर बघा. इन्फोसिस, विप्रो, डॉ. रेड्डीज यांचा एक एडीएस म्हणजे एक शेअर. आयसीआयसीआयचा एक म्हणजे दोन, एचडीएफसी बँकेचा एक म्हणजे तीन. लंडनच्या रिसीटमध्ये रिलायन्सचा एक म्हणजे दोन, स्टेट बँकेचा एक म्हणजे दहा. अमेरिकेतला भाव सरळ डॉलरने गुणून इथल्या भावाशी ताडला की 'तिकडे महाग, इकडे स्वस्त' असे खोटेच गणित निघते.

खडेबझार
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ चार दाव्यांवर उत्तरे मिळाली, ग्रुपवर टाकण्यासाठी अशी लिहितो, चूक असेल तर दुरुस्त करा.

एसटीटी नाही, खरे, पण म्हणूनच सव्वा लाखाची सूट आणि १२ महिन्यांची मुदत जाते. विक्रीचा नफा भारतात करपात्र. लाभांशावर अमेरिका कापत नाही. भारतात कापलेला कर परत मिळत नाही आणि वर स्लॅबचा कर लागतो. खाते शेड्यूल एफए मध्ये दाखवायचेच. आणि निवासी माणसाने नव्याने घ्यायला सेबीची चौकट आड येते. तोच शेअर एनएसईवर मिळतो.

हिशेबी_चिकोडी
बरोबर. शेवटी एक ओळ जोडा: ही कलमे १९६१ च्या कायद्याची, २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पुढच्या वर्षी कुणी ११२ए शोधत बसायला नको.

खडेबझार
जोडतो. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाकतो.